७८च्या तबकड्या ऐकून त्यांवर लिहिण्यासाठीचा संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुनी नाट्यपदं आणि ख्याल यांवर लिहिणाऱ्या बहुतेकांची सुरुवात ऐकण्याच्या वेडातून होते, आणि ते ऐकणं असतं कुणीतरी कधीतरी उतरवून घेतलेल्या प्रतीवरून. त्या प्रतीत तबकडी किती वेगाने फिरवली होती, खरखर काढताना काय काय गेलं, याचा काहीच पत्ता नसतो. गायकाच्या पट्टीबद्दल किंवा लयीबद्दल खात्रीने लिहायचं तर मूळ तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी लाखेची तबकडी, समोर हवी आणि ती नीट वाजवता यायला हवी. त्यासाठी आठ महिने वापरात असलेला हा संच : ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग असलेला डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय थेट मोटरवर फिरणारा) टर्नटेबल, ७८ची वेगळी सुई, सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा स्वतंत्र फोनो प्रीअँप, आवाज संगणकात नेणारा २४ बिटचा ऑडिओ इंटरफेस आणि संगणकावर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर.

पहिला खर्च सुईवर करावा. एलपीच्या (३३ वेगाच्या तबकडीच्या) सुईचं टोक साधारण ०.७ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असतं, ७८साठी ३ मिल लागतं, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉन. एलपीची सुई लाखेच्या तबकडीवर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीत घासत जाते. आवाज बारीक आणि खरखर जास्त, शिवाय सुईही खराब होते. सूटकेससारख्या स्वस्त प्लेअरवर ७८चं बटण असतं, पण सुई बहुधा एकच असते, ती एलपीची. त्या बटणावर भुलू नये.

सुईचा दाबही वेगळा. एलपीला २ ग्रॅमच्या आसपास, तर या संचातल्या ७८च्या सुईला ५ ग्रॅम. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मागच्या वजनावरचे आकडे अनेकदा ४ला संपतात. त्यापुढेही वजन फिरवता येतं, पण अंदाजाने नको. सुईचा दाब मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्यावा. दाब कमी पडला तर जोराच्या तानेला सुई खाचेत थरथरते आणि आवाज फाटतो. ही फाट तबकडीच्या झिजेची आहे असं वाटून चांगल्या तबकड्या बाजूला टाकल्या जातात.

आता वेग. सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा लागतो आणि तो द्यायलाच हवा. यंत्रावर ७८ लिहिलेलं असलं तरी तपासून घ्यावं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून फिरत्या तबकडीवर ठेवून विजेच्या दिव्याखाली पाहायची ७७ रेघांची स्ट्रोब चकती लागते. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२. इंटरनेटवरून छापलेली चकती बऱ्याचदा ६० हर्ट्झची, ९२ रेघांची निघते. ती आपल्या दिव्याखाली ६५च्या वेगाला स्थिर दिसेल आणि यंत्रच बिघडलं असं वाटेल. चांगल्या एलईडी दिव्याखाली रेघा दिसतच नाहीत. निऑनचा छोटा दिवा किंवा जुन्या चोकची ट्यूबलाइट हवी.

यंत्र बरोबर असलं तरी तबकडी ७८लाच कापलेली असेल असं नाही. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं, तेव्हापासून पुढची वीसेक वर्षं गायक कर्ण्यात गात असत. त्या काळातल्या तबकड्या ७४पासून ८०च्या वरपर्यंत कुठल्याही वेगाच्या सापडतात. ७४ला कापलेली तबकडी ७८वर लावली तर सूर साडेपाच टक्के चढतो, म्हणजे काळी एकचा षड्ज जवळजवळ पांढरी दोनला जातो. लयही तेवढीच वाढते. अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५च्या सुमाराच्या आणि १९३०च्या दशकातल्या तबकड्या एकाच वेगाने वाजवून ‘उतारवयात पट्टी उतरली’ असं लिहिणं म्हणूनच धोक्याचं आहे.

वेग ठरवायला ऑर्गन किंवा पेटीची साथ उपयोगी पडते. पेटीचा सूर कुठल्या तरी पट्टीवर बसायलाच हवा. तंबोरा आणि सारंगी कुठेही लावता येतात, त्यांचा आधार घेता येत नाही. जुन्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला मिळतीलच असं नाही, त्यामुळे या तपासणीतून दोन-तीन शक्यता उरतात. त्यातली एक निवडताना बोलण्याचा आवाज ऐकावा. गौहर जान यांच्यासारखे सुरुवातीचे कलाकार शेवटी आपलं नाव सांगत. गाण्यातला चढलेला सूर कानाला फसवतो, बोलणं मात्र वेग चुकला की लगेच खोटं वाटतं. ठरवलेला वेग लेखात लिहावा, वाचकाला तो पडताळता आला पाहिजे.

आणखी एक फसवणूक भोकाची. भोक मध्यावर नसलं तर दर ०.७७ सेकंदाला सूर हेलकावतो, कारण एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. लांबवलेल्या षड्जावर हा हेलकावा आंदोलनासारखा ऐकू येतो! टोनआर्म डावी-उजवीकडे डुलताना दिसला की समजावं. भोक झिजून सैल असेल तर तबकडी किंचित सरकवून बरंच सुधारतं. घट्ट असेल तर नोंद करून पुढे जावं, भोक कोरू नये.

धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही वापरू नये, लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनेच फिरवायचा. लेबल कोरडं ठेवावं आणि तबकडी सावलीत उभी वाळवावी. काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो. त्यांना चीर असेल तर ओल्या फडक्यापलीकडे जाऊ नये.

प्रीअँपचा आरआयएए वक्र (खर्ज वाढवण्याचं आणि वरचे सूर कापण्याचं ठरीव प्रमाण) १९५४च्या सुमाराचा, एलपीसाठीचा. तो १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापतो, म्हणून ७८ त्यावर कोंदट वाजते. ऑडॅसिटीच्या ‘फिल्टर कर्व्ह ईक्यू’मध्ये आरआयएए निवडून तो उलटा केला की हा परिणाम निघून जातो, मग कानाला पटेल तसा खर्ज थोडा वाढवावा. मुद्रण मात्र स्टिरिओतच, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झला. सव्वातीन मिनिटांची बाजू सुमारे ११२ एमबी होते. नंतर डावा आणि उजवा चॅनेल वेगवेगळे ऐकावेत. खाचेची एक भिंत जास्त झिजलेली असेल तर चांगला चॅनेल ठेवावा, दोन्ही सारखे असतील तर एकत्र मोनो करावं. खरखर तेवढ्यानेच लक्षात येण्याइतकी कमी होते. ओरखड्यांचे खटके काढताना हात आखडता हवा. प्रमाण वाढलं की तबल्याची चाट बोथट होते, आणि नॉइज रिडक्शन सहा डेसिबलच्या पुढे नेलं की तंबोऱ्याची जवारी नाहीशी होते. मूळ फाइल न छेडता वेगळी ठेवावी.

आठ महिन्यांतल्या कुरबुरी दोन. लॅपटॉपचा चार्जर जोडलेला असताना ५० हर्ट्झची गुणगुण. मुद्रण बॅटरीवर करायचं आणि टर्नटेबलची अर्थ वायर प्रीअँपच्या स्क्रूला घट्ट बांधायची, एवढ्यावर ती थांबली. पावसाळ्यात डावा चॅनेल मधूनच जाऊ लागला. हेडशेलच्या (सुई बसवायच्या कवचाच्या) चार पिना काळवंडल्या होत्या, पेन्सिलच्या खोडरबराने हलके घासल्यावर परत आला. मोटर आणि वेग यांत फरक पडलेला नाही. सुईचं टोक मात्र दर महिन्याला भिंगाखाली पाहावं, लाखेच्या तबकडीतलं दगडी भुकटीचं भरण तिला एलपीपेक्षा लवकर झिजवतं.

शेवटच्या खाचेपलीकडच्या कोऱ्या पट्टीवर बॅटरीचा प्रकाश तिरका टाकून मॅट्रिक्स क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाचा तबकडीतच कोरलेला क्रमांक) उतरवून घ्यावा. लेबलावरचा क्रमांक पुनर्मुद्रणात बदलू शकतो, रागाचं नावही कधी चुकीचं छापलेलं असतं. फाइलला नाव देताना मॅट्रिक्स क्रमांक आधी, मग वेग, मग गायक.