लॉटरी विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी कोणती सुधारणा मागावी?

बऱ्याच जणांना हवा असतो तो ‘हॉट-कोल्ड’ रंगीत तक्ता, म्हणजे जास्त वेळा आलेले आकडे ‘हॉट’ आणि कमी वेळा आलेले ‘कोल्ड’ दाखवणारा; पण त्याचा उपयोग फारच कमी. ४९ पैकी ६ आकड्यांच्या खेळात १००० सोडतींत प्रत्येक आकडा सरासरी १२२ वेळा येतो. १०२ ते १४३ एवढी तफावत निव्वळ योगायोगाने पडते. दोन-तीन आकडे त्याही बाहेर गेले तरी नवल नाही. तक्ता हवाच असेल, तर ही योगायोगाची पट्टी त्यावर आखून मागा. ‘आता येणारच’ अशा आकड्यांची यादी मात्र मागूच नका. मागच्या सोडतीचा पुढच्या सोडतीशी संबंध नसतो.

त्यापेक्षा निकाल आयात करण्यातली दुरुस्ती कितीतरी मोलाची. बोनस बॉल, म्हणजे सोडतीत सहा आकड्यांनंतर काढलेला जादा आकडा, मुख्य सहा आकड्यांत मिसळला, की १२२ ची सरासरी १४३ वर जाते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. नियम बदलले तरी तेच. ब्रिटनच्या लोट्टोत ऑक्टोबर २०१५ पासून ४९ ऐवजी ५९ आकडे आले. जुने-नवे निकाल एकत्र मोजले, तर ५० ते ५९ उगाच ‘कोल्ड’ दिसतात. म्हणून बोनससाठी वेगळा रकाना आणि नियमांनुसार कालखंड, या दोन्ही गोष्टी मागा.

दुसरी तितकीच कामाची मागणी म्हणजे मागील सोडतींवर चाचणी. इथे एक अट घालाच: आकडे ज्या सोडतींवरून निवडले, त्या चाचणीतून वगळायच्या. नाहीतर कुठलीही पद्धत हुशार दिसते. शेजारी तेवढ्याच यादृच्छिक तिकिटांचा निकालही हवा. ४९ पैकी ६ च्या खेळात कुठल्याही तिकिटाचे सरासरी ०.७३ आकडे जुळतात. तुमची पद्धत त्याच्या आसपासच घुटमळणार, हे स्वच्छ दिसेल. ‘लागोपाठचे आकडे टाळा’ हा फिल्टरही तिथेच उघडा पडतो, कारण जवळपास निम्म्या सोडतींत लागोपाठची जोडी असतेच.

व्हील, म्हणजे निवडलेल्या जास्त आकड्यांतून सहा-सहाची अनेक तिकिटं बनवण्याची पद्धत, वापरत असाल तर तिच्या हमीची (निवडलेल्यांपैकी अमुक आकडे आले तर एका तरी तिकिटावर किमान इतके जुळतीलच, या हमीची) पडताळणी मागा. १० आकड्यांच्या पूर्ण व्हीलला २१० तिकिटं लागतात. तिकिटं कमी केली, तर सॉफ्टवेअरने त्या १० आकड्यांतून सहा येण्याच्या २१०ही शक्यता तपासून हमी कुठे तुटते ते दाखवावं.

मागणी पाठवताना आवृत्ती क्रमांक, चुकणाऱ्या पाच-सहा ओळींची फाइल, आलेलं उत्तर आणि हातानं काढलेलं उत्तर जोडा. ‘अचूकता वाढवा’ एवढ्यावर डेव्हलपरला काहीच करता येत नाही.