नवलकोल: उघड्यावर की अर्ध्या सावलीत?

बेळगाव-खानापूर भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या नवलकोलला उघडी जागाच द्यावी. रोज सहा तास तरी थेट ऊन मिळालं की गड्डा भराभर फुगतो. ओळींत ३० सेंटिमीटर आणि रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर पानं एकमेकांवर पडत नाहीत. हिवाळ्यातलं आपल्याकडचं ऊन या पिकाला बाधत नाही. बाधतो तो पाण्याचा खाडा: वाफा सुकून एकदम भरपूर पाणी मिळालं, की गड्डा तडकतो. अशा वेळी दोष उन्हाला देऊ नये.

आंब्या-फणसाखालची दिवसभराची सावली मात्र नकोच. देठ लांबतात, रोप कलतं, गड्डा लिंबाएवढाच राहतो. शिवाय झाडाची मुळं पाणी ओढतात ती वेगळीच.

फेब्रुवारीनंतर लावायचं असेल तर गणित बदलतं. तेव्हा सकाळचं ऊन आणि दुपारी बारानंतर सावली, म्हणजे घराची पूर्वेकडची बाजू, उत्तम. कडक उन्हात गड्डा लवकर दोरकट होतो. सावलीने ते लांबतं, टळत नाही. म्हणून पाच-सहा सेंटिमीटरचा झाला की काढावा.