क्रॉलर क्रेनचं सेकंडहँड मॉडेल घेणार असाल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

मंडळी, 1:50 स्केलची, म्हणजे खऱ्याच्या पन्नासाव्या भागाएवढी, क्रेन मॉडेल्स जमवणारे आपल्याकडे मोजकेच आहेत आणि सेकंडहँड मॉडेल विकतो सांगून फसवणारा एक माणूस नेमका आपल्यासारख्यांनाच गाठतोय म्हणून सविस्तर लिहितोय. त्याला विषय येतो, चांगलाच येतो, आणि धोका तिथेच आहे.

आम्ही साताऱ्याची पोरं ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बघत मोठी झालो. पुढे एका साईटवर मोठी क्रॉलर क्रेन, म्हणजे चाकांऐवजी ट्रॅकवर चालणारी क्रेन, उभी करताना बघायला मिळाली. ट्रेलरवरून बूमचे, म्हणजे क्रेनच्या लांब हाताचे, तुकडे येतात, जमिनीवर आडवे ठेवून पिना ठोकून जोडतात, मागे तोल सांभाळणाऱ्या काउंटरवेटच्या लाद्या एकावर एक चढतात आणि मग तो अख्खा जाळीदार बूम हळूहळू वर जायला लागतो, ते ज्याने बघितलं त्याला हा नाद सुटत नाही. लीबहेर कंपनीची एलआर 13000 तर 3000 टन उचलण्याच्या क्षमतेची, डेमागची सीसी 8800-1 ही 1600 टनांची. अर्थात हे आकडे वजन क्रेनच्या अगदी जवळ असतानाचे, रेडियस, म्हणजे क्रेनपासून वजनाचं अंतर, वाढला की क्षमता झपाट्याने खाली येते, किती अंतरावर किती उचलते ते सांगणारा लोड चार्ट बघितला की कळतं. अशी क्रेन घरात ठेवायची तर मॉडेलच, आणि 100 मीटरचा बूम 1:50 ला सुद्धा 2 मीटर होतो.

नवीन मॉडेल बाहेरून मागवायचं म्हणजे खर्च फार. 2020 च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 20 वरून 60 टक्के केली तेव्हापासून आपल्यातले बरेच जण सेकंडहँडकडे वळले आणि फसवणारेही तिथेच येऊन बसले.

तर मला एनझेडजी या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीचं लीबहेर एलआर 1600/2 हवं होतं. खरी क्रेन 600 टनांची, पवनचक्कीच्या कामात खूप वापरतात. एका ग्रुपवर एकाने फोटो टाकले, बॉक्स आहे, सुपरलिफ्ट (जास्त वजन उचलायला मागे लावायची जोडणी) आहे, 32 हजार. मी फोन केला, भरपूर विचारलं, रोप (क्रेनचा दोर) कुठून कसा ओवायचा, डेरिक बॅलास्ट, म्हणजे सुपरलिफ्टचं मागचं जादा वजन, किती लाद्यांचं, लफिंग जिब (बूमच्या टोकाला लागणारा वर-खाली होणारा हात) सोबत आहे का, त्याने एकाही प्रश्नाला अडखळत उत्तर दिलं नाही. "दादा, मुलाच्या फीसाठी काढतोय, नाहीतर जीव गेला तरी विकली नसती" असं म्हणाला. 15 हजार यूपीआयने ॲडव्हान्स, बाकीचे 17 हजार कॅश ऑन डिलिव्हरी. कॅश ऑन डिलिव्हरी म्हटलं की माणसाला वाटतं वस्तू हातात आल्यावरच पैसे द्यायचेत, पण कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय बॉक्स उघडू देत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आत निघालं प्लास्टिकचं खेळणं. पिवळा रंग मारलेला, वर लीबहेरचा स्टिकर वाकडा. ट्रॅक एकसंध रबराचे, खऱ्या मॉडेलला एक एक पट्टी सुटी असते आणि हाताने ढकललं की फिरते. रोपच्या जागी काळा इलास्टिक दोरा गमने चिकटवलेला. केबिनचं दार पट्टीने मोजलं तर अडीच सेंटीमीटर. 1:50 ला साधारण पावणेदोन मीटरचा माणूस साडेतीन सेंटीमीटर येतो, तो त्या दारातून आत जाईल कसा?

मग फोटो परत नीट बघितले. एका फोटोत काउंटरवेटच्या लाद्या एका बाजूला जितक्या आहेत तितक्या दुसऱ्या फोटोत नाहीत, हुकब्लॉकवर रोपचे पदरही वेगळे. दोन वेगळ्या लोकांच्या मॉडेलचे फोटो एकत्र करून टाकलेत.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली. ॲडव्हान्समधले काही पैसे पुढच्या खात्यात होल्ड झालेत असं कळलं. कुरिअरला दिलेल्या 17 हजारांचं अजून काही नाही. पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव भलतंच होतं, तो लेबल फाडून टाकू नका, तक्रारीला लागतो.

आता तुम्ही घेताना एवढं करा. व्हिडिओ कॉलवर मॉडेल दाखवायला सांगा आणि तुम्ही सांगाल ते त्याला करायला लावा, हुक खाली सोड, वरचा भाग फिरव, ट्रॅक ढकलून दाखव. ज्याच्याकडे मॉडेल आहे त्याला यात दोन मिनिटं लागतात. पार्सल निघालं की स्लिपवरचं वजन बघा. हे बहुतेक सगळं मेटल असतं, उचलायला दोन हात लागतात, आणि माझ्या स्लिपवर 1.8 किलो होतं, ते पार्सल यायच्या आधीपासून ट्रॅकिंगवर दिसत होतं. वजन असं कमी दिसलं तर सरळ परत पाठवा, कुरिअरवाल्याशी वाद घालायची गरज नाही. आणि "पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या नंबरवर पैसे टाका" असा फोन आला तर तो कट करा, ड्युटी कुणाच्या खासगी यूपीआयवर भरत नाहीत.

तेच फोटो आता एलआर 11350 म्हणून परत फिरतायत, ती तर 1350 टनांची वेगळीच क्रेन. कुणाला हे फोटो आले असतील, पिवळी क्रेन आणि मागे निळा पडदा, तर स्क्रीनशॉट आणि यूपीआय आयडी मला पाठवा, मी तक्रारीला जोडतोय.