एसइओच्या नावाखाली १,३५,७०० रुपये गेले, धंदेवाल्यांनो हे वाचा

एसइओ म्हणजे गुगलच्या शोधात आपली वेबसाइट वर आणायचं काम. ते करून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीने मला गंडवलं. आधी आकडे. महिना १५,००० प्रमाणे सहा महिन्यांचे ९०,००० आगाऊ, त्यावर १८ टक्के जीएसटी १६,२००. नंतर ‘बॅकलिंक पॅकेज’, म्हणजे दुसऱ्या वेबसाइटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका, म्हणून २५,००० आणि त्यावर ४,५००. एकूण १,३५,७०० रुपये. सगळे एनईएफटीने, बिलासकट. मी कुठल्या लिंकवर क्लिक केलं नाही, कुणाला ओटीपी दिला नाही. आणि नेमकं म्हणूनच आज कुणी दाद देत नाही.

भांडुपला आमचं वॉटरप्रूफिंगचं काम आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता नवरा साइट बघतो, ऑफिस आणि बिलं माझ्याकडे. सोसायट्यांच्या टेरेसची कामं मार्च ते मे, पावसाच्या आत. पूर्वी एका सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्यांना नंबर द्यायचे. आता कमिटीतली तरुण मंडळी मोबाइलवर शोधून तीन कोटेशनं मागवतात. त्या तिनांत आपण नसलो की सीझन गेला. ही धास्ती ओळखूनच हे एसइओवाले जानेवारीत फोन करतात.

आलेला मुलगा मराठी, बोलायला नम्र. म्हणाला, “ताई, आधी रिझल्ट बघा, मग पैसे द्या.” आठवड्याने आला आणि माझ्याच फोनवर मलाच शोधायला लावलं. ‘टेरेस वॉटरप्रूफिंग’ टाकलं तर आमची वेबसाइट सगळ्यात वर! तिच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं होतं. ते मी वाचलं. विचारलंही. तो म्हणाला, “गुगलने आपल्याला स्पॉन्सर केलंय ताई, म्हणजे व्हेरिफाय केलंय.” आणि मी मान डोलावली. तो क्षण अजून छातीवर बसलाय. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर छापलेलं होतं, मी ते बोट ठेवून विचारलं आणि तरी पैसे पाठवले.

ती जाहिरात होती. पैसे भरून लावलेली, आणि आमच्या ऑफिसभोवतीच्या छोट्याशा परिघापुरती. गुगलच्या जाहिरातीत एखादा पत्ता धरून तेवढ्याच किलोमीटरात दाखवायची सोय असते. म्हणजे मला ती रोज दिसणार, मुलुंडच्या सेक्रेटरींना कधीच नाही. जाहिरातीची जागा विकत मिळते. तिच्याखालच्या साध्या निकालांत वर येण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. एसइओ म्हणतात तो त्या खालच्या निकालांसाठी. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

मला कुणी भोळी समजू नका. बी.कॉम. आहे, जीएसटी रिटर्न स्वतः भरते. फेब्रुवारीत त्यांचं बिल २बीमध्ये, म्हणजे आपल्या खरेदीवरचा जीएसटी दाखवणाऱ्या पोर्टलवरच्या यादीत, दिसेना तेव्हा लगेच विचारलं. “आमचं रिटर्न तिमाही आहे, एप्रिलमध्ये दिसेल,” असं उत्तर आलं. तिमाही रिटर्नची सोय खरंच आहे, मग मी तरी काय म्हणणार? एप्रिल उलटल्यावर पोर्टलवर नंबर टाकला, तर नोंदणी रद्द. भरलेल्या जीएसटीचं २०,७०० रुपयांचं क्रेडिट बुडालं. बिल हातात पडायच्या आधी जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे, मिनिटाचं काम आहे.

दर महिन्याला रिपोर्ट यायचा. सगळीकडे हिरवे बाण, सगळीकडे पहिला नंबर. कशासाठी पहिला? एक तर आमच्याच फर्मच्या नावासाठी, ते दुसऱ्या कुणाचं येणार? नाहीतर ‘बेस्ट ट्रस्टेड टेरेस लीकेज एक्स्पर्ट नियर भांडुप वेस्ट स्टेशन’ असल्या लांबलचक ओळीसाठी. गळतं घर असलेला माणूस असं टाइप करतो का? तो ‘छत गळतंय’ किंवा ‘वॉटरप्रूफिंग मुलुंड’ टाकतो. रिपोर्टमध्ये नंबर नको, फोन किती आले ते मागा.

फोन येत नाहीत म्हटलं की ठरलेलं उत्तर, “एसइओला वेळ लागतो.” यात खोटं काही नाही, हीच त्यांची हुशारी. एसइओवाला नेमण्याबद्दल गुगलचं स्वतःचं पान आहे, त्यावर परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं असं लिहिलंय. ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्याच पानावर ‘पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही’ असंही लिहिलंय. ते नाही पाठवलं.

चेंबूरला पार्टीसमोर बसून नवऱ्याने वेबसाइट शोधली आणि ती कुठेच सापडेना, तेव्हा भाच्याला बसवलं. त्याने अर्ध्या तासात सगळं उकललं. भांडुप, मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर, प्रत्येकासाठी पान, मजकूर अक्षरशः एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं. एका पानावर तर ‘करोल बागेतील आमचे ग्राहक’ राहून गेलेलं! दिल्लीच्या कुणाचा तरी मजकूर उचललेला. अशी पानं आणि विकत घेतलेल्या लिंका, दोन्ही गुगलच्या नियमांत स्पॅम धरतात. लिंकांच्या बाजारावर तर २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून कारवाई चालू आहे. म्हणजे ते २९,५०० रुपये मी स्वतःचं नुकसान विकत घ्यायला दिले. ‘कीवर्ड टॅग भरले’ (पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी) म्हणून बिलात वेगळी ओळ होती. तो टॅग गुगल क्रमवारीसाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय. तुमच्या पानावरचं एक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा, चोरीचं असेल तर मूळ पान बहुधा सापडतं.

सर्वांत मोठा घाव पुढे होता. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्यांच्या नावावर. गुगलवरच्या आमच्या बिझनेस प्रोफाइलचा मुख्य मालकही तेच, सेटिंग करायचंय म्हणून बदलून घेतलेलं. सासऱ्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांनी स्वतःहून लिहिलेले रिव्ह्यू त्यात आहेत. परत मागितलं तर “ट्रान्सफर चार्ज १८,०००”. दिले नाहीत. टेम्पोवर, बोर्डांवर, लेटरहेडवर तोच पत्ता छापलेला आहे. डोमेन स्वतःच्या ईमेलवरच घ्या. प्रोफाइलवर बाहेरच्याला मॅनेजर करा, मालक कधीच नाही. गुगलचं सर्च कन्सोल मोफत आहे, ते स्वतःच्या खात्यात उघडा. लोक काय शोधून आले ते त्यात दिसतं.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “पैसे तुम्हीच पाठवले ना?” हो. “वेबसाइट चालू आहे ना?” हो. “मग फसवणूक कुठली, हे दिवाणी आहे.” सायबरचं म्हटलं तर विचारतात, “ओटीपी गेला? खातं हॅक झालं?” नाही. मग सायबर नाही. कंपनीचा पत्ता अंधेरीचा, तर म्हणे तिकडे जा. अहो, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून पुढे पाठवायची तरतूद कायद्यात आहे! जाहिरात दाखवून ‘गुगलने व्हेरिफाय केलं’ सांगणं आणि रद्द नोंदणीवर जीएसटी उकळणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक नाही तर काय? शेवटी अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला. बँक म्हणते, खातेदाराची माहिती देता येत नाही. ग्राहक आयोगासाठी वकिलांना विचारलं, तर समोरचे म्हणणार व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा, तुम्ही ग्राहकच नाही. स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे, पण आमच्याकडे चार कारागीर कामाला, म्हणून त्यावरही वाद होणार. चोराने बिल दिलं की तो व्यापारी होतो आणि आपण फक्त नाराज गिऱ्हाईक? संताप होतो. सासरे एक शब्द बोलत नाहीत, त्याने जास्त लाज वाटते.

गेल्या आठवड्यात मुलुंडच्या ओळखीच्या पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन आला. कंपनीचं नाव नवं, मुलाचा आवाज तोच, सहा महिन्यांचे ९०,००० हेही तेच. मी त्यांना सांगितलं, ट्रायल दाखवली की घाटकोपरच्या मेहुण्याला फोन लावा, त्याच्या मोबाइलवर तेच शोधायला सांगा, आणि तुमच्या मोबाइलवर डोक्यावर ‘स्पॉन्सर्ड’ आहे का ते वाचून घ्या. मेहुण्याला वेबसाइट दिसली नाही किंवा ‘स्पॉन्सर्ड’ निघालं तर पोराला चहासुद्धा पाजू नका.