डिझेल गाडी केव्हा विकावी? आठ वर्षांचा वापर आणि अकरा महिन्यांचा घोळ

माझी गाडी ऑगस्ट २०१७ मधील मारुतीची विटारा ब्रेझा झेडडीआय, पहिल्या मालकाची, एमएच-१२ पासिंगची. पुण्यात रस्त्यावर येईपर्यंत तिला १० लाख ४० हजार रुपये लागले होते, कारण महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर एकरकमी वाहन कर ११ टक्के असताना डिझेलवर तो १३ टक्के होता. डिसेंबर २०२५ मध्ये ती ५ लाख ३० हजारांना विकली. विकावी असा विचार मनात आल्यापासून प्रत्यक्ष विक्रीपर्यंत अकरा महिने गेले आणि या काळात मी वहीत दर महिन्याची मागणी, ॲव्हरेज आणि खर्च लिहून ठेवत गेलो. पुढील मजकूर त्या वहीवरून लिहिला आहे. त्यातील विक्रीच्या किमती माझ्या गाडीला, माझ्या शहरात मिळालेल्या आहेत. त्या सर्वांना लागू पडतील असा माझा दावा नाही.

गाडीविषयी तक्रार नाही, हे आधी सांगितले पाहिजे. १२४८ सीसीचे हे डिझेल इंजिन मुळात फियाटच्या आराखड्याचे आहे आणि त्याच जातीची इंजिने आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही तयार होत असत. कागदावरचे ॲव्हरेज लिटरला २४.३ किलोमीटर होते. मला सोलापूर रस्त्यावर साधारण साडेवीस आणि पुण्यात सतरा मिळाले. घेतली तेव्हा माझी नोकरी सोलापुरात होती, कुटुंब पुण्यात होते आणि महिन्याला बारा-तेराशे किलोमीटर सहज होत. त्या वापराला डिझेलशिवाय दुसरा पर्याय मला तेव्हाही सुचला नाही आणि आज मागे वळून पाहतानाही सुचत नाही. ८८ हजार किलोमीटरला क्लच प्लेट बदलली, दोनदा टायर घातले, दोनदा बॅटरी बदलली. आठ वर्षांत याला मोठा खर्च म्हणता येणार नाही.

गाडी तीच राहिली, माझा वापर मात्र बदलला. २०२३ मध्ये बदली हिंजवडीला झाली, कार्यालयाची बस दारातून जाऊ लागली आणि गाडीचे रनिंग महिन्याला पाचशे किलोमीटरवर आले. तेही दवाखाना, मंडई, मुलीची शिकवणी अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांचे. नेहमीचे मिस्त्री सर्व्हिसिंगच्या वेळी म्हणाले, "साहेब, हिला रस्ता दाखवत जा अधूनमधून. डिझेलला नुसतं गल्लीत फिरवलं की काजळी धरते." बीएस-६ या २०२० पासूनच्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांमध्ये धुरातील काजळी पकडणारा जो फिल्टर असतो, तो माझ्या आधीच्या बीएस-४ मानकाच्या गाडीत नसल्यामुळे मोठी अडचण कधी आली नाही, तरीही इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होणे कोणत्याही डिझेलला मानवत नाही. खरे तर विकण्याचा निर्णय त्या दिवशीच व्हायला हवा होता, पण मी भाव पाहत बसलो.

भाव पाहत बसण्याची सवय मला २०२१ ने लावली. त्या वर्षी जगभर चिपांचा तुटवडा पडला, नव्या गाड्यांसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागू लागले आणि वापरलेल्या गाड्या वधारल्या. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे थांबवल्यामुळे चांगल्या स्थितीतील डिझेल ब्रेझा शोधणारे बरेच लोक होते. चार वर्षे वापरलेल्या माझ्या गाडीला एका डीलरने तेव्हा ७ लाख ६० हजार सांगितले आणि मी नाही म्हटले. ही माझी सर्वांत मोठी चूक होती, असे माझे मेहुणे आजही प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात. मला ते पटत नाही. त्या वेळी मला गाडीची गरज होती. विकली असती तर दुसरी घ्यावी लागली असती आणि तीही त्याच वधारलेल्या बाजारात, कोणतीही सवलत न मिळता, महिनोन्‌महिने वाट पाहून. एका हाताने चढा भाव घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने तो परत करायचा, यात नफा कुठला? चढ्या बाजाराचा लाभ गाडी विकून पुन्हा गाडी न घेणाऱ्याला होतो, आणि माझ्या ओळखीत असे दोनच जण आहेत.

हे तत्त्व २०२१ मध्ये कळलेले असूनही २०२५ मध्ये मी ते विसरलो.

जानेवारी २०२५ मध्ये मीटरवर ९७ हजार ४०० किलोमीटर होते. डीलरने ५ लाख ९० हजार सांगितले आणि कार्यालयातील एका परिचिताने थेट ६ लाख १० हजार देऊ केले. साडेसहा आले की देऊ, असे मी ठरवले. साडेसहाच का, याला काहीही आधार नव्हता. मे महिन्यात गणपतीपुळ्याला जाऊन आलो आणि मीटरने लाखाचा टप्पा ओलांडला. ९९ हजार आणि १ लाख १ हजार यांत यंत्राच्या दृष्टीने काहीही फरक नाही, पण ग्राहकाच्या मनात आणि ऑनलाइन किंमत सांगणाऱ्या ॲपच्या गणितात आहे. जूनमध्ये तोच डीलर ५ लाख ६० हजारांवर आला. ज्यांची गाडी ९० ते ९५ हजारांच्या घरात आहे आणि ज्यांचे विकण्याचे मनात आहे, त्यांनी एवढे एक ध्यानात ठेवावे. बाजारातील इतर कुठल्याही चढउताराची तारीख आधी कळत नाही, ही मात्र आपल्याच मीटरवर दिसत असते.

जुलैमध्ये दिल्लीची बातमी आली. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना १ जुलैपासून पंपावर इंधन न देण्याचा आदेश निघाला आणि लोकांच्या संतापामुळे काही दिवसांतच तो स्थगित करावा लागला. पुढे १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अशा मालकांवर केवळ वयाच्या कारणावरून कठोर कारवाई करू नये, असेही सांगितले. डिझेलवरची मूळ बंदी राष्ट्रीय हरित लवादाची, २०१५ सालची, आणि ती दिल्ली व लगतच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरती. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी, मग ती डिझेल असली तरी, पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून आणि २०२२ पासून वाढलेले पाच हजारांचे शुल्क देऊन ती पुढे वाढवता येते. म्हणजे माझ्या गाडीला २०३२ पर्यंत कागदोपत्री कसलाही धोका नव्हता. तरीही त्या महिन्यात गाडी पाहायला आलेल्या तिघांपैकी दोघांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "दहा वर्षांनी बंद होणार ना हो ही?" मुंबई उच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर राज्य सरकारने जानेवारीत समिती नेमली होती, ती मुंबई महानगर प्रदेशापुरती आणि केवळ अभ्यासासाठी होती, पण मी हे समजावून सांगितले की विकणाराच वकिली करतो आहे, असे समोरच्याला वाटे. मागणी ५ लाख ३५ हजारांवर आली. बाजारभाव नियमांवर चालत नाही, तो नियमांविषयीच्या समजुतीवर चालतो.

खरा धक्का त्यानंतर बसला. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीत सुधारणा करण्याची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायचा थांबला. २२ सप्टेंबरला नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतील आणि १५०० सीसीपर्यंतच्या नव्या डिझेल गाडीवरील कर उपकरासह ३१ टक्के होता, तो १८ वर आला. लहान पेट्रोल गाडीवरील २९ चा १८ झाला. नवीच गाडी आठ ते दहा टक्क्यांनी स्वस्त झाल्यावर जुनीला जुना भाव कोण देणार? एका ऑनलाइन कंपनीने घरी माणूस पाठवून, दीड तास तपासणी करून ४ लाख ८० हजार सांगितले. ॲपवर आधी दाखवलेला आकडा ५ लाख २५ हजार होता. बंपरवरील ओरखडा आणि डाव्या दाराचे टच-अप यांचे पंचेचाळीस हजार कापले म्हणे. ही कापाकापी म्हणजे घासाघिशीची आधुनिक रीत आहे, असे माझे मत झाले. तपासणीनंतरचा आकडाच खरा मानावा आणि ॲपवरचा वहीत लिहूसुद्धा नये.

त्या रात्री मी फार खट्टू झालो होतो. सहा लाख दहा हजारांची गाडी चार ऐंशीवर आली, एवढेच डोक्यात फिरत होते. बायकोने शांतपणे विचारले, "पण आपण घेणार आहोत ती केवढ्याची झाली?" मी तो आकडा पाहिलाच नव्हता. आम्हाला घ्यायची होती ती छोटी पेट्रोल गाडी जानेवारीत रस्त्यावर ८ लाख ६० हजारांना पडत होती. आता ती ७ लाख ८९ हजार झाली होती. जानेवारीत विकून घेतली असती तर खिशातून अडीच लाख गेले असते. शेवटी ब्रेझा ५ लाख ३० हजारांना गेली, तेव्हा २ लाख ५९ हजार गेले. अकरा महिने मी ज्या ऐंशी हजारांच्या घसरणीसाठी हळहळत होतो, ती प्रत्यक्षात नऊ हजारांची निघाली. वहीत मी एकच रकाना ठेवला होता, दोन ठेवायला हवे होते.

वाट पाहण्याचा खरा खर्च दुसरीकडे झाला होता. ऑगस्टमध्ये विमा भरला, १३ हजार ५०० रुपये. सर्व्हिसिंगला ९ हजार २०० आणि बॅटरीला सहा हजार गेले. याउलट डिझेल ठेवून वाचले किती, याचा हिशेब असा: पुण्यात डिझेल साधारण साडेनव्वद रुपये आणि पेट्रोल १०४ च्या आसपास होते, शहरात डिझेलला सतरा आणि पेट्रोलला चौदाचे ॲव्हरेज धरले तर किलोमीटरमागे जेमतेम दोन रुपये दहा पैसे वाचतात. अकरा महिन्यांत साडेपाच हजार किलोमीटरवर ही बचत साडेअकरा हजारांच्या फारशी पुढे जात नाही. तेवढी बचत विम्याचा हप्ताही भरून काढत नाही. विमा नव्या गाडीलाही लागतोच, हे खरे. पण विकायच्या गाडीचा विमा भरण्यापूर्वी, सर्व्हिसिंगपूर्वी आणि टायर घालण्यापूर्वी विकावी, कारण त्यातला क्वचितच एखादा रुपया किमतीत परत येतो.

दिवाळीनंतर लोक नव्या गाड्यांच्या नादातून थोडे बाहेर आले आणि डीलर ५ लाख ५ हजारांपर्यंत वर चढला. मी जानेवारीपर्यंत थांबणार नव्हतो. १ जानेवारीला माझी गाडी एका रात्रीत 'नऊ वर्षांची' झाली असती. आठवडाभर जाहिरात ठेवली आणि शिरूर तालुक्यातून कोंबडीखाद्याचा व्यवसाय करणारे एक गृहस्थ सोबत स्वतःचा फिटर घेऊन आले. त्यांचे महिन्याचे रनिंग अडीच हजार किलोमीटर. बंपरकडे त्यांनी पाहिलेही नाही. फिटरने थंड इंजिन सुरू करून धूर पाहिला, ऑइलचे झाकण उघडून पाहिले, चढावर क्लच पाहिला आणि सर्व्हिसच्या पावत्या वाचल्या. "दादा, मला ही बिनफिल्टरचीच पाहिजे होती. आणि पेट्रोलात आता ते इथेनॉल घालतात, त्याचं मला टेन्शन नको," असे ते म्हणाले. पाच चाळीस सांगितले, पाच तीसला ठरले, वीस हजार बयाणा लगेच. डिझेल गाडीची किंमत जास्त फिरणाऱ्या माणसालाच कळते. शहरातल्या रविवारच्या ग्राहकाला ती समजावत बसण्यात मी चार महिने घालवले.

कागदपत्रांत मात्र मी कमी पडलो. कर्ज २०२२ मध्ये फिटले होते, पण आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, बँकेचा बोजा उतरवायचा राहिला होता आणि बँकेच्या जुन्या पत्राची मुदत संपली होती. नवे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ यांत बारा दिवस गेले. उच्च सुरक्षा नंबरप्लेट सुदैवाने आधीच बसवली होती, ७४५ रुपये आणि वर जीएसटी. ती नसती तर २०१९ पूर्वीच्या गाडीचे हस्तांतर अडले असते. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, थकलेली दोन ई-चलाने भरली आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहून दोघांनी सह्या केल्या. ही शेवटची गोष्ट अनेक जण करत नाहीत. आरसीवर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे गाडी नावावर होईपर्यंत चावी दिली तरी काळजी संपत नाही. माझ्या प्रकरणात एकोणीस दिवस लागले. विम्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत, मालकाचा असतो, गाडीचा नसतो. त्याचे पत्र मागून घेतले आणि नव्या गाडीच्या विम्यात ते उपयोगी पडले.

एक गोष्ट विसरलो, ती फास्टॅग बंद करण्याची. गाडी दिल्यानंतर पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला नाशिक रस्त्यावरील टोलनाक्याचा पैसे कापल्याचा संदेश आला, दुपारी परतीचा आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच दोन. शिरूरच्या गृहस्थांना फोन केला तर त्यांनी आधी माफी मागितली, लगेच पैसे पाठवले आणि मग म्हणाले, "दादा, एकोणीसचं ॲव्हरेज देतीय, माल भरून."

टॅग मी त्याच संध्याकाळी बंद केला.