प्लाय ठोकण्याआधी आत पाहा: पिकअपवरच्या डब्यात आमची झालेली फसवणूक

पिकअपच्या पाठीवर राहण्याचा डबा बांधून स्पीती-लडाखला जायचं वेड आता नागपुरातही चांगलंच पसरलंय. ओळखीतले बरेच जण मला खर्च विचारतात, कारागीर विचारतात. त्या सगळ्यांसाठी आमच्या डब्याचं काय झालं ते लिहून ठेवतोय. पैसे बुडाले त्याचा राग आहेच. पण त्या डब्यात माझी आई आणि मुलगी झोपल्या होत्या, आणि आत माणसं झोपणार आहेत हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. त्याचा राग काही केल्या जात नाही.

काम आम्ही वाटून घेतलं होतं. बेड, ओटा, कपाटं, वायरिंग मी आणि माझा भाचा घरी करणार. सांगाडा, पत्रा, इन्सुलेशन आणि हीटर एका बॉडीवाल्याकडे, अमरावती रोडवर वाडीच्या पुढे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून सुरू आहे. त्याचं कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं: ५० बाय २५ च्या पाइपचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियम पत्रा, आत ५० मिलिमीटर पफ (पॉलियुरेथेनचा कडक फोम), डेन्सिटी ४० (म्हणजे घनमीटरला ४० किलो), पाइपांवर रबराची पट्टी, त्यावर बाष्प अडवणारी फॉइल, मग प्लाय. शिवाय दोन किलोवॅटचा डिझेल हीटर, "कंपनी फिटिंग".

नमुनाही दाखवला. पिवळसर, घट्ट तुकडा, नख रुतवलं तर जेमतेम खूण उमटावी असा. "भाऊ, रिफर गाडीत हाच माल राहते. लेहला न्या का अजून कुठं न्या, काही होत नाही." रिफर म्हणजे थंड ठेवायचा माल नेणारी गाडी. तो तुकडा मी कळमन्यात कोल्ड स्टोरेजचं काम करणाऱ्या एका मिस्त्रीला दाखवला. माल खरा आहे, असं तोही म्हणाला. तुकडा खराच होता.

काम चालू असताना बॉडीवाल्याने स्वतःहून बोलावलं आणि छतावरच्या पंख्याच्या कटआउटमधून आतली कड दाखवली. चारी बाजूंनी पिवळा पफ, अगदी गच्च भरलेला. फोटो काढा म्हणाला, आम्ही काढले. पुढच्या वेळी गेलो तेव्हा सगळीकडे प्लाय ठोकून झाला होता.

जानेवारीत आम्ही तपासणी म्हणून चिखलदऱ्याला गेलो. अकराशे मीटरच्या आसपासची उंची आणि हाडं गोठवणारा वारा, म्हणजे स्पीतीआधीची बरी परीक्षा होईल असा हिशोब. रात्री हीटर लावून झोपलो. मधेच जाग आली तेव्हा टॉर्चच्या उजेडात भिंतीवर पाणी दिसलं. सगळीकडे नव्हे. छतापासून खालपर्यंत थेंबांच्या सरळ उभ्या रेघा, आणि दोन रेघांमध्ये दोन-दोन फुटांचं कोरडं अंतर. जिथे जिथे आत लोखंडी पाइप होता तिथे तिथे प्लाय घामेजला होता. याचा अर्थ पाइपावर रबराची पट्टी नव्हती. बाहेरची थंडी पत्र्यातून पाइपात आणि पाइपातून थेट आत येत होती, आणि माणसांच्या श्वासातली वाफ तिथेच पाणी होऊन बसत होती. मधल्या भागाचं काय झालंय ते अजून कळायचं होतं.

मी ते पाहतच होतो तेवढ्यात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. तो अलार्म माझ्या बायकोने हट्टाने घेतला होता. आई डोकं दुखतंय म्हणत झोपेतच कुरकुरत होती, तिला प्रवासाचा शीण असेल असं आम्हाला वाटलं होतं. दार उघडलं, दोघींना ओढूनच बाहेर आणलं, हीटर बंद केला. उरलेली रात्र पिकअपच्या पुढच्या केबिनमध्ये काचा खाली करून काढली.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. धुराचा अलार्म यासाठी चालत नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळाच घ्यावा लागतो.

नागपूरला येऊन भाच्याने आणि मी आधी बेडखालचा हीटरचा बॉक्स उघडला. डिझेल हीटर नीट बसवला तर सुरक्षित यंत्र आहे. त्याच्या जळणाला लागणारी हवा फरशीखालून, बाहेरून येते आणि धूरही खालून बाहेर जातो. खोलीतली हवा फक्त गरम भांड्याच्या बाहेरून फिरते, जाळाशी तिचा संबंध येत नाही. आमच्याकडे धुराच्या पाइपाचा जोड फरशीच्या वर, बॉक्सच्या आतच होता, आणि क्लॅम्प हाताने फिरत होता. जळणाची हवा ओढणारी नळीही त्याच बॉक्समध्ये मोकळी सोडलेली. खोलीत गरम हवा फेकणारा पंखाही हवा तिथूनच घेत होता. म्हणजे जोडातून गळलेला धूर बॉक्समध्ये साचायचा. हीटर तीच कोंदट हवा पुन्हा जाळायला घ्यायचा, ऑक्सिजन कमी म्हणून जळण आणखी अर्धवट, आणि त्यातून निघालेला वायू पंखा थेट आईच्या उशाशी सोडायचा. फरशीला खालून एकच भोक होतं. दुसरं पाडायचे कष्ट वाचवले होते.

मग त्याच बॉक्समागचा प्लाय काढला. धुराचा पाइप भिंतीच्या तळाला लागूनच फरशीत उतरत होता आणि त्याच्याभोवती मूठभर पोकळी पडली होती, कडा काळ्या, चिकट. पिवळा पफ नव्हताच तिथे, पांढरा थर्माकोल होता. तो शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतो आणि असा पाइप दोनशे अंशांच्या घरात तापू शकतो. थर्माकोल वितळत मागे सरकला होता. पेट घेतला असता तर बाहेर पडायला एकच दार होतं, तेही हीटरच्या बाजूचं. या जागी रॉकवूलच हवं, म्हणजे न जळणारी दगडाच्या तंतूंची लोकर. पफही जळतो आणि त्याचा धूर अतिशय विषारी असतो, हे विकणारे सांगत नाहीत.

पुढचे दोन दिवस आम्ही एकेक शीट काढत गेलो. सगळीकडे एक इंची पॅकिंगचा थर्माकोल, मधल्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे, फॉइलचा पत्ताच नाही. खरा पफ फक्त पंख्याच्या कटआउटभोवती होता, हातभर रुंद. आम्हाला जिथून फोटो काढायला लावले, नेमका तेवढाच. गणित केलं तर दोन इंची पफ जेवढी उष्णता अडवतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच हा थर्माकोल अडवतो. शिवाय उघडे पाइप.

आमच्या गावात ही फसवणूक सोपी का जाते, तेही सांगतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणारं हे शहर. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ पर्यंत गेला होता. कूलरची मोटर, पंप, खस यातलं कळणारा माणूस इथे गल्लोगल्ली भेटतो. डिझेल हीटर उघडून पाहिलेला माणूस शोधावा लागतो. त्यामुळे बसवणारा सांगेल ते खरं. पण तपासायच्या गोष्टी अवघड नाहीत. एक फूट बाय एक फूट, दोन इंच जाडीचा ४० डेन्सिटीचा पफ तराजूवर १९० ग्रॅमच्या आसपास भरतो. तेवढाच पॅकिंगचा थर्माकोल पन्नास ग्रॅमही भरत नाही. पेट्रोलचे दोन थेंब टाकले की थर्माकोल विरघळून खड्डा पडतो, पफ तसाच राहतो. तुकडा दुकानदाराने दिलेला नको, आपण भिंतीतून, आपल्याला हव्या त्या जागी कापलेला हवा. कोपऱ्यातून, खालून, दारामागून. आणि प्लाय ठोकतात त्या दिवशी कुणीतरी घरचं माणूस तिथे बसलेलं हवं.

जाब विचारायला गेलो तेव्हा त्याचं उत्तर असं: "थर्माकोल बी इन्सुलेशनच असते नं भाऊ. बर्फाच्या पेटीत तेच राहते." हीटरबद्दल म्हणाला, खिडकी थोडी उघडी ठेवायला पाहिजे होती. आरटीओच्या मंजुरीसाठी त्याने वेगळे पैसे घेतले होते, रोख. त्याची पावती नाही आणि अर्ज तर केलेलाच नव्हता. गाडीच्या नोंदीत बदल होईल असं काम परवानगीशिवाय करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ने मनाई आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कागद मागणार. "मी पाहून घेतो" म्हणणाऱ्याला या कामाचे पैसे देऊ नका, अर्ज स्वतःच्या हाताने करा.

पक्कं बिल त्याने कधी दिलं नाही, पण व्हॉट्सॲपवरचं "५० मिलिमीटर पफ, डेन्सिटी ४०" आणि यूपीआयचे व्यवहार जपलेले होते. उघडलेल्या भिंतींचे तारखेसह फोटो काढले, थर्माकोलचे तुकडे पिशवीत भरून ठेवले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली, मग वकिलाची नोटीस. नोटिशीनंतर हीटरचे पैसे परत आले, इन्सुलेशनचे नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. कामासाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. फसलेल्यांपैकी फार थोडे तिथवर जातात, म्हणून हे धंदे चालतात.

ज्यांनी अशा कुणाकडून डबा बांधून घेतलाय, त्यांना हात जोडून सांगतो: आज हीटर लावण्याआधी त्याचा बॉक्स उघडा. हवा घेणारा आणि धूर सोडणारा, दोन्ही पाइप फरशीतून वेगवेगळ्या भोकांतून बाहेर जाताहेत का, धुराच्या पाइपाचा एकही जोड आत नाही ना, आणि खाली दोघांची तोंडं एकमेकांपासून लांब आहेत का, ते गाडीखाली झोपून पाहा. तसं नसेल तर वायर काढून ठेवा आणि रजया जास्त घ्या.