पैसे बेंगळुरूत, हुकूमनामा पुण्याचा: जप्ती कुठून करावी?

दावा जिंकलात, हुकूमनामा म्हणजे कोर्टाचा वसुलीचा आदेश हाती आला, पण ऋणकोचं (तुमचे पैसे देणं लागणाऱ्याचं) पुण्यातलं खातं रिकामं आहे. त्याच्या मालाची बिलं मात्र बेंगळुरूच्या एका कंपनीकडे थकलेली आहेत. ती रक्कम परस्पर कोर्टात यायला हवी.

पुण्याच्याच दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात) दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१, नियम ४६-अ ची गार्निशी नोटीस, म्हणजे ऋणकोचं देणं असलेल्या तिऱ्हाइताला ते पैसे कोर्टात भरायला सांगणारी नोटीस, काढणं सगळ्यात स्वस्त. पण २००२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ३९(४) आडवं येतं: हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर या कोर्टाचा अंमल नाही. कंपनीचं पुण्यात ऑफिस असेल आणि बिलं तिथूनच चुकती होत असतील, तरच इकडे वळा. नाहीतर हद्दीच्या हरकतीवरच तारखा पडत राहतात.

दुसरा मार्ग हुकूमनामा बेंगळुरूला वर्ग करण्याचा. प्रत आणि वसुली बाकी असल्याचा दाखला तिकडे जातो, तिथे वेगळा वकील लागतो. खर्च आहे, पण पाया पक्का. नोटीस मिळूनही कंपनीनं ना पैसे भरले ना हजेरी लावली, तर ऑर्डर २१ च्याच नियम ४६-ब खाली थेट तिच्याकडूनच वसुली करता येते. कंपनीनं देणंच नाकारलं, तर मात्र तो वाद दाव्यासारखा चालतो.

खरी भीती मधल्या काळाची. कागद टपालात असताना कंपनी ऋणकोचं बिल चुकतं करून मोकळी होते. त्यासाठी संहितेच्या कलम ४६ चा प्रिसेप्ट आहे: पुण्याचं कोर्ट तिकडच्या कोर्टाला नेमकी तेवढी रक्कम जप्त करायला कळवतं. ही जप्ती मुदतवाढ न मिळाल्यास दोनच महिने टिकते आणि पैसे हाती येत नाहीत, नुसते अडकतात. म्हणून मी प्रिसेप्ट आणि वर्ग करण्याचा अर्ज एकाच दिवशी देतो. अर्जात बिल नंबर, तारीख, रक्कम हवीच. ‘येणं असलेली सर्व रक्कम’ एवढं मोघम लिहू नका.

बजावणीत माझी एक नोटीस वाया गेली. बेलिफच्या (नोटीस पोचवणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या) अहवालात होतं, ‘गेटवरील वॉचमनने स्वीकारली.’ कंपनीच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला हरकत घेतली. तेव्हापासून ऑर्डर २९, नियम २ प्रमाणे सेक्रेटरी किंवा संचालकाचं नाव घालतो, नोंदणीकृत कार्यालयाला टपालानंही पाठवतो आणि मराठी हुकमाला इंग्रजी भाषांतर जोडतो.

तुमच्या हातात लवादाचा निवाडा असेल, तर वर्ग करून घेण्याची गरजच नाही. सुंदरम फायनान्स प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट केलं आहे. दरखास्त थेट बेंगळुरूलाच दाखल करा.